एकाच जहाजावर फटीही आणि फुगवटेही: बासवुडच्या एका फ्रिगेटचं प्रकरण

हे मॉडेल ‘ट्रिंकोमाली’ या फ्रिगेटचं, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजाचं. मूळ जहाज मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली मलबारी सागवानात बांधलं गेलं, 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. मॉडेल रत्नागिरीतल्या एका निवृत्त मरीन इंजिनिअर काकांनी नकाशांवरून 1:72 प्रमाणात बांधलं होतं, म्हणजे सांगाडाच सुमारे 64 सेंटिमीटरचा. आत प्लायवूडचे बल्कहेड, म्हणजे आडवे पडदे, त्यांच्यावर 5 मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड अशा बासवुड या मऊ लाकडाच्या पट्ट्या, सुती दोऱ्या, बाहेरून वार्निशचे चार हात. काम सुबक होतं. तोफांच्या झडपांच्या बिजागऱ्यासुद्धा त्यांनी पत्र्यातून कापून बसवल्या होत्या. जहाज पूर्ण झाल्यावर त्यांनी ते नागपूरला लेकीच्या घरी दिलं. वर्षभरात त्याची जी अवस्था झाली, ती दुरुस्त करायला ते पुण्यात माझ्याकडे आलं.

पेटी उघडल्यावर दिसलं ते असं. दोन्ही कुशींवर, म्हणजे जहाजाच्या बाजूंवर, मधल्या भागात, लांबच लांब फटी. फटी मोजायच्या फीलर गेजचं 0.8 मिलिमीटरचं पातं सगळ्यात मोठ्या फटीत सहज आत जात होतं. त्याच फटींच्या खाली-वर काही ठिकाणी पट्ट्या बल्कहेडपासून सुटून बाहेर फुगल्या होत्या, बोट दाबलं की आत जात आणि सोडलं की परत वर येत. पाण्याच्या रेषेखाली चिकटवलेल्या तांब्याच्या टेपला चुण्या पडल्या होत्या. पुढच्या डोलकाठीचा सगळ्यात वरचा बारीक तुकडा मागे वाकला होता, आणि त्याला वाकवणाऱ्या दोऱ्या मात्र आता सैल लोंबत होत्या.

काकांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला तो अगदी मोक्याचा. “लाकूड आकसलं म्हणावं, तर हे फुगलंय कशानं? आणि फुगलं म्हणावं, तर या फटी कसल्या?”

त्यांचा स्वतःचा संशय गोंदावर होता. असे संशय नेहमी गोंदावरच जातात, कारण सांधा उघडला की डोळ्यांसमोर गोंदच येतो. म्हणून सुरुवात तिथून केली. भिंगाखाली फटीच्या दोन्ही कडा पाहिल्या. गोंदाची रेघ एका कडेला जशीच्या तशी होती आणि तिला समोरच्या पट्टीचे तंतू चिकटलेले होते. म्हणजे सांधा गोंदात सुटलेलाच नव्हता, गोंदाच्या शेजारचं लाकूड फाटलं होतं. पांढऱ्या गोंदाचा नीट बसलेला सांधा बासवुडसारख्या मऊ लाकडापेक्षा चिवट असतो. ताण आला की जे कमजोर ते जातं. इथे लाकूड गेलं. गोंद निर्दोष.

मग ताण कुठून आला, हा खरा प्रश्न.

लाकूड हवेतली ओल घेत असतं आणि सोडत असतं. तोडून, कापून, वर्षानुवर्षं वाळवून ठेवलं तरी हे थांबत नाही. पावसाळ्यात घराचं दार चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर पुन्हा मोकळं होतं, तेच इथे. हवेत किती दमटपणा आहे त्यावर लाकडात किती ओलावा टिकेल हे ठरतं. 30 अंश तापमानाला सापेक्ष आर्द्रता 85 टक्के असेल, तर लाकडाचा ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 17 ते 18 टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता 50 टक्के असेल तर सुमारे 9 टक्क्यांवर, आणि 20 टक्के असेल तर साडेचार टक्क्यांच्या आसपास. लाकडाची जात कोणतीही असो, हे आकडे थोड्याफार फरकाने तेच राहतात. जातीप्रमाणे बदलतं ते एवढा ओलावा गेल्यावर लाकूड किती आकसतं, हे.

आणि आकसतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. अगदी ओल्या लाकडापासून हाडासारखं कोरडं होईपर्यंत लांबीतला फरक 0.1 ते 0.3 टक्के, तर वार्षिक वलयांच्या दिशेने बासवुडच्या रुंदीतला फरक 9 टक्क्यांच्या वर. वलयांना काटकोनात, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, तोच साडेसहा टक्क्यांच्या आसपास. काकांच्या जहाजावर पट्ट्यांच्या टोकांचे सांधे एकही उघडले नव्हते आणि कडांचे सांधे उघडले होते, त्याचं कारण हेच. प्लायवूडमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते कुठल्याच दिशेला फारसं हलत नाही. जागचा न हलणारा सांगाडा आणि त्याला पक्की चिकटवलेली, रुंदीत हलू पाहणारी कातडी, अशी ही रचना. जगभरातल्या बहुतेक किटमध्ये हीच असते.

आता हिशेब. पट्ट्या बसवल्या जुलैमध्ये, रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, खिडक्या उघड्या ठेवून. म्हणजे ओलावा 18 टक्क्यांच्या घरात. पुढच्या मे महिन्यात जहाज नागपुरात. तिथे उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली जाते. म्हणजे ओलावा 5 टक्क्यांच्या आसपास. फरक 13 टक्क्यांचा. बासवुडमध्ये ओलावा 1 टक्का बदलला की वलयांच्या दिशेची रुंदी 0.33 टक्के बदलते. 5 मिलिमीटरच्या पट्टीला हा फरक 0.2 मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त येतो. काकांकडे त्याच गठ्ठ्यातल्या उरलेल्या पट्ट्या होत्या. त्यांतल्या काही मी कोरड्या डब्यात ठेवून व्हर्नियरने मोजल्या. 5 मिलिमीटरची पट्टी 4.8 वर आली. हिशेबाने सांगितलं तेवढीच.

0.2 मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण कठड्यापासून पाण्याच्या रेषेपर्यंत अशा 15 पट्ट्या होत्या. बेरीज 3 मिलिमीटर. ही तूट प्रत्येक सांध्यात सारखी वाटली गेली असती, तर केसासारख्या 15 रेघा दिसल्या असत्या आणि कुणाचं लक्षही गेलं नसतं. काकांनी मात्र पट्टीची कड पट्टीच्या कडेला भरपूर गोंद लावून जोडली होती, म्हणजे चार-पाच पट्ट्यांची मिळून एक रुंद फळीच तयार झाली. ती एकसंध आकसली आणि सगळी तूट जिथे जरा कमजोर जागा सापडली तिथे निघाली. म्हणून फटी मोजक्या, पण रुंद.

या स्पष्टीकरणात एक गोष्ट बसत नव्हती. नाळेकडचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा भाग, जिथे पट्ट्यांना दोन दिशांनी वळण द्यावं लागतं आणि जिथे नवशिक्यांची जहाजं पहिल्यांदा उकलतात, तो इथे पूर्ण शाबूत होता. एक रेघसुद्धा नाही. सगळं नुकसान सरळ, सोप्या मधल्या भागात. पट्ट्या नाळेकडे निमुळत्या होतात, म्हणून आकसण्याचं माप तिथे कमी, हे खरं. पण तेवढ्याने 0.8 मिलिमीटर आणि शून्य यातला फरक भरून निघत नाही.

मी काकांना विचारलं, नाळेच्या पट्ट्या कशा वाकवल्यात? ते म्हणाले, अर्धा तास पाण्यात भिजवून, मग विजेच्या तापलेल्या बेंडरवर दाबून. नंतर आकार धरावा म्हणून रात्रभर साच्याला क्लॅम्प लावून ठेवायचे आणि सकाळी हेअर ड्रायरचा गरम झोत द्यायचे. पट्टी बोटांना कडक, कोरडी लागली की मगच चिकटवायची. मधल्या पट्ट्यांना वळण नव्हतं, म्हणून त्या गठ्ठ्यातून काढून थेट लावल्या.

तिथेच सगळं जुळलं. जुलैच्या त्या दमट खोलीत, पाण्यात बुडवलेल्या पट्ट्या चिकटवण्याच्या क्षणी न भिजवलेल्या पट्ट्यांपेक्षा कोरड्या होत्या. बेंडरने आणि झोताने त्यांची ओल काढली होती, मधल्या पट्ट्यांची कुणीच काढली नव्हती. एकच माणूस, एकच गोंद, एकच लाकूड, एकच आठवडा. फरक फक्त चिकटवतानाच्या ओलाव्याचा. नाळेने जी परीक्षा दिली, ती मी मुद्दाम घडवून आणली असती तरी इतकी स्वच्छ झाली नसती. जहाज बिघडलं ते नागपुरात, पण बिघाड बसवला गेला रत्नागिरीत, ज्या दिवशी पट्टी लावली त्या दिवशी. नागपूरच्या उन्हाळ्याने तो फक्त उघड केला.

फटींचा उलगडा झाला. फुगवट्यांचा राहिला होता, आणि त्यासाठी नागपूरच्या घरातलं वर्ष महिन्यामहिन्याने समजून घ्यावं लागलं. काकांच्या लेकीने सगळं नीट आठवून सांगितलं. हिवाळ्यात काही झालं नाही. मार्चपासून बारीक रेघा दिसू लागल्या. एप्रिलच्या सुरुवातीला कूलर लागला. जहाज हॉलमध्ये बैठ्या कपाटावर, उघडं, आणि उजवी कूस कूलरच्या वाऱ्यात. डेझर्ट कूलर कोरड्या हवेत पाणी मिसळतो. तो चालू असेपर्यंत खोलीची हवा चांगली दमट असते आणि बंद केला की काही तासांत पुन्हा करकरीत कोरडी होते. दीड मिलिमीटरची पट्टी अशा बदलाला तासाभरात प्रतिसाद द्यायला लागते. म्हणजे उजवी कूस महिनोन्‌महिने रोज फुगत होती आणि रोज आकसत होती. उजव्या बाजूच्या वार्निशला जाळीसारखे तडे होते आणि डाव्या बाजूला नव्हते, ते यामुळे.

वार्निशबद्दल इथेच सांगतो, कारण त्यावर लोकांचा फार भरवसा असतो. वार्निश ओल अडवत नाही, तिचा वेग कमी करतं. शिवाय या जहाजाला ते फक्त बाहेरून होतं. आतलं लाकूड कोरं होतं आणि पोकळ सांगाड्यात हवा डेकच्या झरोक्यांतून खेळत होती. ओल आतल्या बाजूने जात-येत राहिली.

मे महिन्यात फटी नजरेला खुपू लागल्या, तेव्हा ओळखीच्या एका सुताराने त्या लाकडाच्या पुट्टीने भरून, घासून, वर रंग लावून दिल्या. सैल झालेल्या दोऱ्याही ओढून बांधल्या. काम सफाईदार होतं आणि भावना चांगलीच होती. पण वेळ वर्षातली सगळ्यात वाईट निवडली गेली. मे महिन्यात नागपुरातलं लाकूड वर्षभरात सगळ्यात जास्त आकसलेलं असतं. तेव्हाच्या फटी म्हणजे पावसाळ्यात लाकडाला लागणारी जागा. ती जागा कडक पुट्टीने बुजली.

जूनअखेर पाऊस आला, आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर गेली, पट्ट्या पुन्हा रुंद होऊ लागल्या आणि त्यांना पसरायला जागाच उरली नव्हती. लाकूड फुगताना जो दाब निर्माण होतो तो बारीक पट्ट्यांना बल्कहेडवरून उचकटायला पुरून उरतो. काही पट्ट्या बाहेर उसळल्या. ज्या उसळल्या नाहीत त्यांच्या कडांचे तंतू आतल्या आत चिरडले गेले. चिरडलेली कड परत मूळ रुंदीला येत नाही. म्हणून पाऊस ओसरून हवा कोरडी होऊ लागल्यावर त्या पट्ट्या आधीपेक्षाही अरुंद झाल्या, पुट्टी एका बाजूला सुटली आणि पहिल्यापेक्षा मोठी फट उघडली. माझ्यापर्यंत जहाज आलं तेव्हा उन्हाळ्याचं आणि पावसाळ्याचं नुकसान शेजारी शेजारी दिसत होतं. काकांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

डोलकाठीचंही तेच. पिळाची सुती दोरी लाकडाच्या उलट वागते. ओल प्यायली की तिचे धागे जाड होतात, पीळ आवळतो आणि दोरी लांबीला आखडते. कोरडी झाली की सैल पडते. मे महिन्यात ताणून बांधलेल्या दोऱ्या जुलैत आखडल्या आणि 2 मिलिमीटर जाडीच्या काडीला त्यांनी वाकवलं. ती तशीच महिनाभर राहिल्यामुळे बाक कायमचा बसला.

दुरुस्तीत सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे काहीच न करणं होतं. जहाज एका बंद खोलीत ठेवलं, शेजारी आर्द्रतामापक. बाजारातले डिजिटल आर्द्रतामापक पाच-सात टक्के सहज चुकतात. घरी तपासायची सोपी रीत आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओलसर होईल इतपतच पाणी घालायचं, पाणी साचू द्यायचं नाही, आणि ते झाकण व मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं. मापकाने 75 टक्के दाखवायला हवेत. माझं जेवढं चुकत होतं तेवढं मी त्याच्यावर लिहून ठेवलं आहे. खोलीची आर्द्रता 50 ते 55 टक्क्यांत ठेवली आणि फटी दर काही दिवसांनी गेजने मोजत राहिलो. मापं बदलायची थांबली, मगच हत्यार हातात घेतलं.

पुट्टी बारीक चाकूने कोरून काढली. उसळलेल्या पट्ट्यांचे सांधे आयसोप्रोपाइल अल्कोहोलने मोकळे केले. ते पांढऱ्या गोंदाला मऊ करतं आणि पाण्यासारखं लाकूड फुगवत नाही, फक्त वार्निशवर सांडू द्यायचं नाही. पट्ट्यांच्या चिरडलेल्या कडा साफ करून त्या पुन्हा बसवल्या, पण गोंद फक्त बल्कहेडला. शेजारच्या पट्टीला नाही. कड कडेला नुसती टेकलेली. आता प्रत्येक पट्टी स्वतःपुरती आकसेल आणि स्वतःपुरती फुगेल. रुंद फटींत बासवुडच्याच पातळ चिपा सरकवल्या आणि त्याही एकाच कडेला चिकटवल्या. अर्ध्या मिलिमीटरच्या आतल्या फटी मी भरल्या नाहीत. काकांना ते पटायला वेळ लागला. मी त्यांना म्हटलं, काका, तुमच्याच गावात मच्छीमार होड्या महिनोन्‌महिने किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा फळ्यांच्या सांध्यांतून उजेड दिसतो. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगून तो बंद होतो. तो सांधा कुणी पुट्टी-सिमेंटने बुजवत नाही, कापूस आणि राळ भरतात, कारण दोन्ही दबतात. मॉडेलला पाण्यात घालता येत नाही, म्हणून त्याला निदान हलायला जागा द्यायची.

वाकलेली काडी बदलली. डोलकाठ्या धरून ठेवणाऱ्या पक्क्या दोऱ्या पॉलिएस्टरच्या केल्या, कारण पॉलिएस्टर ओल जवळजवळ घेतच नाही. शिडं ओढायच्या चालत्या दोऱ्या सुतीच ठेवल्या, त्या हाताला आणि डोळ्यांना बऱ्या दिसतात, पण किंचित ढिल्या आणि टोकाच्या गाठींवर गोंद न लावता. मेण चोळलं आहे. त्याने ओल उशिरा जाते, इतकंच.

राहायची जागाही बदलावी लागली. जहाज आता हॉलऐवजी आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, ॲक्रिलिकच्या पेटीत आहे. बंद पेटीत हवा थोडी आणि लाकूड बरंच असतं, त्यामुळे लाकूडच आतली आर्द्रता सावरून धरतं. खोलीतला दिवस-रात्रीचा चढउतार आत पोचेपर्यंत बोथट होतो, फक्त ऋतूंचा संथ बदल उरतो. पेटीच्या मागच्या बाजूला लहान भोकं ठेवली आहेत. प्लायवूड आणि एमडीएफमधून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा कोंडल्या, तर शिसं असलेल्या धातूच्या तोफा पांढऱ्या भुकटीने खाल्ल्या जातात. आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका, हे नागपूरला दोनदा सांगितलं. कोरड्या पुड्या म्हणजे पेटीत कायमचा मे महिना.

हीच कथा उलट्या दिशेनेही घडते. नागपुरात एप्रिलमध्ये घट्ट बसवलेलं जहाज रत्नागिरीला गेलं तर तिथे त्याच्या कुशी पहिल्याच पावसाळ्यात उसळतील. म्हणून मी बांधणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो तो लाकडाचा किंवा गोंदाचा नसतो, जहाज कुठे राहणार आहे हा असतो. त्या गावाच्या वर्षभरातल्या मधल्या ओलाव्यावर पट्ट्या आणायच्या. नागपूरसाठी 9 ते 10 टक्के. मग लाकूड दोन्हीकडे थोडं थोडं हलतं, एकाच बाजूला 13 टक्क्यांची उडी घेत नाही. कोकणात पावसाळ्यात बांधायचंच असेल तर झाकणाच्या खोक्यात एक छोटा बल्ब लावून पट्ट्या त्यात ठेवाव्यात आणि लागेल तेवढीच बाहेर काढावी. ओलावा किती हे पाहायला गठ्ठ्यातला एक तुकडा सोनाराच्या काट्यावर तोलायचा, ओव्हनमध्ये 103 अंशांवर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवायचा, पुन्हा तोलायचा. गेलेलं वजन भागिले उरलेलं वजन.

लाकडाच्या निवडीबद्दल माझं मत बरेच मित्र मानत नाहीत, तरी ठाम आहे. आपल्या हवेत बासवुडपेक्षा सागवान बरं. त्याची रुंदी ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला 0.19 टक्के बदलते, बासवुडच्या निम्म्याहून थोडी जास्त. सागवानाच्या तंतूंची रेषा जाड दिसते, लहान प्रमाणात ती खटकते, हे मान्य. पण वलयं पट्टीच्या रुंद पृष्ठाला उभी येतील अशी चिरून घेतली, तर बदल आणखी कमी होतो आणि रेषाही सरळ, बारीक दिसते.

पुढच्या मे महिन्यात नागपूरहून फोटो आले. उजव्या कुशीवर केसासारख्या रेघा, सगळ्या सांध्यांत सारख्या, फुगवटा कुठेच नाही. ऑगस्टच्या फोटोत त्या रेघाही मिटलेल्या होत्या. काकांनी आता एक गुराब, म्हणजे मराठा आरमारातलं लढाऊ जहाज, बांधायला घेतली आहे, त्यांच्या पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानी चौकटीतून चिरलेल्या 3 मिलिमीटरच्या पट्ट्यांत. ती राहणार रत्नागिरीतच. सागवानात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी प्रत्येक कड ॲसिटोनने पुसून लगेच गोंद लावायचा, हे मी त्यांना कळवलं. पट्ट्या त्यांनी डिसेंबरमध्ये लावायला सुरुवात केली.